भिंतीवरचा मापक आणि खोलीतली माणसे

मंडळी, कोंबडीपालन करणाऱ्याच्या घरी एक दिवसाची पिल्ले येतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात दिव्याखाली किती ऊब हवी हे आधीच ठरलेले असते. साधारण 33 ते 35 अंश सेल्सियस. पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी उतरवत न्यायची. जाणता माणूस तापमापकाकडे बघतो खरा, पण त्याहून जास्त पिल्लांकडे बघतो. पिल्ले दिव्याखाली एकमेकांना चिकटून गर्दी करू लागली, की त्यांना गारठा लागतो आहे. दिव्यापासून लांब पळून चोची उघडून धापा टाकू लागली, की ऊब जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असली, म्हणजे झाले. तापमापक काय म्हणतो, ते त्यानंतर.

पिल्लांसाठी आपण एवढे करतो. पण ज्या वर्गात चाळीस मुले रोज पाच-सहा तास बसतात, तिथे किती उष्मा चालेल, किती ताजी हवा हवी, हे बहुधा कुणी ठरवलेलेच नसते. आणि आता मोजण्याची साधने तर स्वस्त झाली आहेत. तळहातावर मावेल एवढी डबी भिंतीला लावली, की ती तापमान, हवेतला दमटपणा, कार्बन डायऑक्साइड वायू, बारीक धूळ हे सगळे दर मिनिटाला मोजते आणि मोबाइलवर कळवते. हिलाच सेन्सर म्हणतात. डबी लागते, फोटो निघतो. मग आकडा दिसतो 31. आता 31 म्हणजे बरे की वाईट? दुसरीकडे दिसते 1400. त्याचे काय करायचे? हे आधी ठरले नसेल, तर ती डबी महिन्याभरात भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडराच्या पंगतीला जाऊन बसते. म्हणून आज बोलायचे आहे ते डबीबद्दल थोडे, आणि ती लावण्यापूर्वी जो आकडा ठरवायचा असतो त्याबद्दल जास्त.

पहिला प्रश्न उष्म्याचा. माणसाला किती तापमानात बरे वाटते, याचा पद्धतशीर हिशोब डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर या शास्त्रज्ञाने मांडला. त्याचा ग्रंथ 1970 साली आला. त्याचे म्हणणे असे, की शरीर सतत उष्णता तयार करते आणि ती बाहेर टाकते. या जमाखर्चावर सहा गोष्टींचा परिणाम होतो: हवेचे तापमान, भिंती-छपराकडून येणारी धग, दमटपणा, वारा, अंगावरचे कपडे, आणि माणूस करत असलेले काम. त्याने माणसांना खोलीत बसवून विचारले, गार वाटते की गरम? अगदी आपल्या पिल्लांसारखेच. फरक एवढाच, की माणसे बोलून सांगू शकतात. त्यातून एक गोष्ट दिसली ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सगळे नेमके जुळवून आणले तरी शंभरातली पाचएक माणसे नाराज राहतातच. तेव्हा सगळ्यांना खूष करील असा एकच आकडा शोधत बसू नये.

पण फँगरचा हिशोब बंद खोलीचा होता. त्यातून निघालेले 23-24 अंशांसारखे आकडे वातानुकूलित कचेऱ्यांना ठीक आहेत. आपल्याकडे 2020 सालापासून तारांकित एसी यंत्रे मुळात 24 अंशांवर लावलेली येतात, त्यामुळे हा 24 चा आकडा लोकांच्या फार डोक्यात बसला आहे. तोच जर उघड्या खिडक्यांच्या शाळेत लावला, तर काय होईल सांगू? मार्चपासून जूनपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबरात, मापक दिवसभर लाल दाखवील. रोजच लाल दिसते म्हटल्यावर तिकडे कुणी बघेनासे होईल. मग ज्या दिवशी खरोखर धोका असेल, त्या दिवशीही कुणी बघणार नाही.

माणूस हवेशी जुळवून घेतो. ज्याला खिडकी उघडता येते, सुती कपडे घालता येतात, पंख्याखाली सरकता येते, तो ऋतूबरोबर बदलतो. हे आपल्या देशात मोजूनही पाहिले आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला अशा पाच शहरांतल्या कचेऱ्यांमध्ये हजारो वेळा माणसांना विचारून एक सोपे सूत्र काढले. उघड्या खिडक्यांच्या इमारतींसाठी ते असे: गेल्या तीस दिवसांचे बाहेरचे सरासरी तापमान घ्यावे, त्याला 0.54 ने गुणावे आणि 12.83 मिळवावेत. येईल तो सुखाचा मध्य. त्याच्या खालीवर सुमारे 2.4 अंशांत शंभरातल्या नव्वद माणसांना चालून जाते.

गुरुजी, हे गणित सातवीच्या फळ्यावर सहज होईल. महिन्याची सरासरी 25 अंश असेल, तर मध्य येतो 26.3, म्हणजे 24 ते पावणेएकोणतीस हा पट्टा. सरासरी 30 असेल तर मध्य 29, आणि पट्टा जातो सुमारे 26.6 पासून 31.4 पर्यंत. तेव्हा मघाचा 31 हा आकडा डिसेंबरात वाईट ठरेल, आणि एप्रिलात काठावर पास होईल. लक्ष्य ऋतूबरोबर हलते, ते असे.

इथे दोन सावधगिऱ्या सांगायला हव्यात. हे सूत्र कचेरीत बसणाऱ्या मोठ्या माणसांचे आहे. मुले हालचाल जास्त करतात, मधल्या सुट्टीत पळून येतात, म्हणून त्यांच्यासाठी पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाऊ नये, अंशभर आधीच थांबावे असे मला वाटते. दुसरे म्हणजे, विदर्भातल्या मे महिन्यावर हे सूत्र ताणू नये. ज्या हवामानात माणसांना विचारले, त्याच्या पलीकडे सूत्राचा शब्द चालत नाही.

आता छपराकडे वळू. पुष्कळ शाळांवर पत्रा आहे. दुपारी तीन वाजता पत्र्याखालच्या वर्गात डबी 34 अंश दाखवते, आणि शेजारच्या कौलारू खोलीतही 34 च. तरी पत्र्याखाली डोके भणभणते. डबी खोटे बोलत नाही. ती फक्त हवा मोजते, आणि पत्रा हवेला वगळून थेट अंगावर धग टाकतो. होळीसमोर उभे राहिलो की हवा गार असली तरी तोंड भाजते, तसेच हे. ही धग मोजायला काळा गोळा वापरतात. मोठ्या प्रयोगशाळेत तांब्याचा गोळा असतो. पण घरात मोजण्यासाठी टेबल-टेनिसच्या चेंडूएवढा गोळाही छान काम देतो, असे इंग्लंडच्या मायकेल हंफ्रीज यांनी 1977 साली दाखवले. चेंडूला मंद काळा रंग द्यावा, भोक पाडून तापमापकाचे टोक मध्यापर्यंत घालावे, आणि मुलांच्या डोक्याच्या उंचीवर टांगावा. अर्ध्या तासाने वाचावा. शास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगला प्रयोग मला सुचत नाही.

या गोळ्याचा उपयोग रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतल्या शर्मा आणि शराफत अली यांनी करून घेतला. आपल्या उन्हाळ्यासाठी त्यांनी 1986 साली एक निर्देशांक प्रसिद्ध केला. गोळ्याचे तापमान, ओल्या फडक्याच्या तापमापकाचे तापमान आणि वारा हे तीन एकत्र करून तो एकच आकडा देतो. हा आकडा 25 ते 30 मध्ये असला की बरे वाटते, आणि 27.5 सर्वांत उत्तम. त्यांच्या सूत्रातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. छपराचा बंदोबस्त करून गोळ्याचे तापमान तीन अंशांनी उतरवले, तर सुमारे सव्वादोन अंशांचा आराम मिळतो. पंखा लावून खोलीतला वारा चौपट केला, म्हणजे सेकंदाला पाव मीटरवरून एक मीटरवर नेला, तर एका अंशाचा आराम मिळतो. म्हणजे पैसे थोडे असतील तर आधी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात, खाली बांबूची चटई किंवा छत, आणि मग पंखा. आपल्याकडे हे नेमके उलटे होते, कारण पंख्याचे उद्घाटन करता येते, चुन्याचे करता येत नाही!

पंख्याचे आणखी एक. कातडीचे तापमान 33 ते 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून बरीच गरम असेल, तर वारा अंगाला उलट ऊब देतो. तेव्हा आराम मिळतो तो घाम वाळण्यातून. कोकणात मुळात घाम वाळत नाही आणि मराठवाड्यात घाम कधी आला ते कळत नाही. म्हणून रत्नागिरीच्या वर्गात दमटपणावर डोळा ठेवावा, आणि बीडच्या वर्गात पिण्याच्या पाण्यावर.

हे झाले उन्हाचे. हवेचे प्रकरण वेगळे आहे, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित आहे. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 साली एक विचार मांडला. बंद खोलीत माणसांचा जो कोंदट वास साचतो, तो मोजता येत नाही. पण श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड मोजता येतो. तो वाढला म्हणजे बाकीचेही साचले असे समजावे. त्यांनी मर्यादा घातली हजारात एक भाग, म्हणजे दहा लाख भागांत 1000. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी तोच आकडा जगभर फिरतो आहे. बाहेरच्या मोकळ्या हवेत आज सुमारे 420 भाग असतात.

इथे घोटाळा होतो तो असा, की लोक 1400 ला विष समजतात. ते विष नाही. कारखान्यातल्या कामगाराला आठ तासांसाठी 5000 भागांची मर्यादा चालते. 1400 चा अर्थ एवढाच, की खोलीत बाहेरची हवा कमी येते आहे आणि आपण एकमेकांचा श्वास परत घेतो आहोत. डुलक्या, डोकेदुखी, आणि एकाचा खोकला साऱ्या वर्गाला, हे सगळे त्याच्यामागून येते.

हिशोब करून पाहा. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली. म्हणजे 108 घनमीटर हवा. दहा-अकरा वर्षांचे मूल शांत बसले तरी तासाला साधारण 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. चाळीस मुलांचे झाले 480 लिटर. थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावल्या, तर पाव तासात खोलीतला आकडा सुमारे 1100 भागांनी वाढतो. प्रार्थना होऊन हजेरी संपते न संपते, तोच आपण 420 वरून 1500 वर! तोच आकडा 1000 च्या आत ठेवायचा तर तासाला खोलीतली हवा जवळजवळ आठ वेळा बदलली पाहिजे. हे अवघड नाही. समोरासमोरच्या भिंतींतल्या खिडक्या उघड्या असल्या आणि बाहेर थोडी झुळूक असली, की होऊन जाते. एकाच भिंतीला खिडक्या असल्या, तर मात्र कष्टाने होते.

2021 साली, कोरोनाच्या साथीत, इंग्लंडच्या सरकारने शाळांना सुमारे तीन लाख कार्बन डायऑक्साइड मापक देण्याचे जाहीर केले. मापकांबरोबर आकडेही दिले: 800 च्या आत असेल तर हवा चांगली खेळते आहे, सतत 1500 च्या वर जात असेल तर त्या खोलीकडे आधी लक्ष द्या. मधला पट्टा शिक्षकाच्या तारतम्यावर. मला ही रीत पसंत आहे. एका रेघेपेक्षा दोन रेघा बऱ्या. एक सावध करणारी, एक कामाला लावणारी.

परंतु तिथेच खरी अडचण पुढे आली. हिवाळ्यात खिडक्या उघडल्या की हवा सुधारते आणि मुले कुडकुडतात. आपल्याकडे हीच ओढाताण दुसऱ्या तऱ्हेने होते. एप्रिलात दुपारी लू आत येऊ नये म्हणून खिडक्या लावाव्यात, तर हवा कोंडते. खिडक्या उघडाव्यात, तर रस्त्याची धूळ आणि ट्रॅक्टरचा आवाज आत येतो, आणि शेजारी पोषण आहाराची चूल पेटलेली असली तर धूरही. एकेक आकडा वेगळा ठरवला की ते आपसांत भांडू लागतात. म्हणून कोणता आकडा कोणासाठी मागे सरेल, हे आधी ठरवून ठेवावे लागते. माझा कौल असा: सर्दी-खोकल्याच्या दिवसांत हवा पहिली, उन्हाळ्याच्या दुपारी उष्मा पहिला. चुलीचा धूर असेल तर कोणत्याही ऋतूत आधी चूल हलवावी. त्यावर खिडकी लावून घेणे हा उपायच नव्हे.

धुळीचे आकडे पाहिले, तर एकाच गोष्टीला दोन मर्यादा सापडतात. अतिबारीक धुळीसाठी चोवीस तासांची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, ही भारताची 2009 सालची मर्यादा; जागतिक आरोग्य संघटनेची 2021 सालची शिफारस आहे 15. कुठली धरायची? 60 ही ओलांडू नये अशी रेघ धरावी, आणि 15 कडे वर्षावर्षाने सरकावे. उजेडाला मापकाची फारशी गरज नाही; बाकावर 300 लक्सच्या आसपास उजेड असला की वाचायला पुरतो, आणि मागच्या बाकावरचे मूल फळा वाचताना डोळे बारीक करते की नाही, हे गुरुजींना दिसतेच. आवाजाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली सांगितले, की शिकवताना वर्गातला इतर आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा. श्रावणसरीत पत्र्याखाली बसलेल्या वर्गाला हे वाचून हसू येईल. तिथे पाऊस थांबेपर्यंत लेखन घ्यावे.

आता आकडा लिहायचा कसा? नुसते "1000" असे लिहून चालत नाही. असे लिहावे: "शाळेच्या वेळात, सातवीच्या खोलीत, कार्बन डायऑक्साइड सलग पंधरा मिनिटे 1000 च्या वर राहिला, तर वर्गप्रमुखाने पूर्वेची दोन्ही तावदाने व दार उघडावे, 1500 च्या वर गेला, तर बाईंनी मुलांना दहा मिनिटे बाहेर काढावे." यात जागा आली, वेळ आली, मुदत आली, माणूस आला. अहमदाबादला 2010 च्या उन्हाळ्यात फार माणसे गेली. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्म्याचा आराखडा केला. बाहेरचे तापमान 45 अंशांवर गेले की लाल इशारा, आणि तो मिळताच दवाखान्याने काय करायचे, पाण्याची सोय कुणी करायची, हे सगळे आधी लिहून ठेवलेले. त्या आकड्याला वजन आले ते त्यामागच्या नेमून दिलेल्या कामांमुळे.

सरासरीपासून जपून राहावे. डबी चोवीस तासांची सरासरी 29 दाखवील आणि सगळे खूष होतील. पण त्यात रिकाम्या वर्गाची गार रात्र मिसळलेली असते, आणि दुपारचे 36 तिच्याखाली झाकले जातात. म्हणून फक्त मुले बसलेली असतानाचे तास मोजावेत. शंभर शालेय तासांपैकी किती तास आपण पट्ट्याबाहेर होतो, हा खरा हिशोब.

मापकाच्याही मर्यादा असतात. स्वस्त मापक तापमानात अर्ध्या-एक अंशाने आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये पन्नास-शंभर भागांनी चुकू शकतो. तेव्हा 28.7 की 28.9 यावर वाद घालू नये. घेताना विचारावे, की हा मापक कार्बन डायऑक्साइड वायू अवरक्त प्रकाशाने खरोखर मोजतो, की दुसऱ्याच वासांवरून अंदाज बांधतो? अंदाजवाला घेऊ नये. डबी खिडकीच्या झोतात, उन्हाच्या पट्ट्यात किंवा कुणाच्या तोंडासमोर लावू नये. बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, आतल्या भिंतीला लावावी. आणखी एक खोच आहे. पुष्कळ मापक आठवड्यातला सर्वांत कमी आकडा हीच बाहेरची हवा असे गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. शाळेची खोली रविवारी रिकामी असते, तिथे हे चालते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात रात्रंदिवस मुले असतात. तिथला मापक कोंदट हवेलाच ताजी समजून हळूहळू कमी आकडे दाखवू लागतो. तिथली डबी आठवड्याला एकदा तासभर अंगणात, सावलीत नेऊन ठेवावी.

आणि मुलांना विचारावे. प्रत्येक ऋतूत दोन आठवडे, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, हात वर करायला सांगावे: किती जणांना गरम वाटते, किती जणांना गार, किती जणांना ठीक. ते आकडे मापकाच्या आकड्यांशेजारी वहीत लिहावेत. सूत्र 31 पर्यंत चालेल म्हणते आणि वर्गातली निम्मी मुले 29 लाच "गरम" म्हणून हात वर करतात, तर आपल्या शाळेचा आकडा 29 च्या खाली. लहान वर्गातली मुले गुरुजींचा चेहरा पाहून हात वर करतात, म्हणून त्यांना डोळे मिटायला सांगावे.

काही खोल्यांना ठरवलेला आकडा गाठताच येणार नाही. खिडक्या उघडून झाल्या, पंखा लावून झाला, तरी एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालचा काळा गोळा 38 च दाखवतो. अशा वेळी लक्ष्यच वर सरकवून मापक हिरवा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. सकाळची शाळा कधीपासून लावायची, कोणत्या खोलीतला वर्ग दुपारनंतर झाडाखाली हलवायचा, हे त्या आकड्यावरून ठरवता येते. आणि मार्च-एप्रिलच्या शालेय तासांपैकी किती तास पाचवीची मुले पट्ट्याबाहेर बसली, हे एका कागदावर लिहून तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवता येतो. त्यासोबत पत्र्याच्या चुन्याचा आणि छताच्या चटयांचा खर्चही लिहावा. हे काम पावसाळ्यापूर्वी करून उपयोग नाही, चुना धुऊन जातो. फेब्रुवारीत हात मारावा, म्हणजे पुढचा उन्हाळा त्याच वहीत मोजता येईल.